जुनं घरटं टाकायचं

उंदरांना घरं हवीत म्हणे! तीही साधीसुधी नाहीत. कापसाची गादी, लपायला पुठ्ठ्याची नळी, कुरतडायला लाकडाचा तुकडा. आमच्या प्राणिघरात हे लाड सुरू केले माझ्या भावजयीनं. ती तिथली संशोधक, मी तिथलीच पिंजरेवाली. भुसा बदलायचा, बाटल्या भरायच्या, पिंजरे धुवायचे. हे काम तिनंच मला लावून दिलं, आणि ते येताजाता कोणाला ना कोणाला ऐकवल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. घरी ती मला ‘ताई’ म्हणते, मी तिला ‘अगं’. कामावर मात्र मी तिला ‘मॅडम’ म्हणायचं.

नवरा दुसरीला घेऊन गेला तेव्हापासून मी धाकट्या भावाकडे राहते. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत माझा पलंग आहे. पण धाकटा कधी वावगं बोलला नाही. अंगाखांद्यावर खेळवलंय मी त्याला. ते घर सुटलं तर मला दुसरा आसरा नाही, आणि हे मला झोपेतसुद्धा माहीत असतं.

भावजयीची नोकरी अजून कच्ची होती. नर उंदरांना घरटी दिली तर मारामाऱ्या कमी होतात, हे तिला सिद्ध करायचं होतं. झालं की नोकरी पक्की, आणि संस्थेतल्या सगळ्याच उंदरांना घरटी. प्राणिघराच्या मोठ्या साहेबांना हे थोतांड वाटायचं. "जावई म्हणून आलेत का हे इथं?" असं म्हणायचे. तरी नरांची एक आणि लेकुरवाळ्या माद्यांची एक, अशा दोन खोल्या त्यांनी तिला करून बघायला दिल्या होत्या.

आणि खरं सांगू? उंदीर निवलेही होते. आधी दिवसभर जाळीच्या तारा चावत बसणारे, एका जागी गरगर फिरणारे ते नर आता कापूस पिंजून त्याची वाटी करायचे आणि तीन-चार भाऊ एकमेकांच्या अंगावर रेलून झोपायचे. मला हेवा वाटायचा त्यांचा. हसू नका, वाटायचा.

नरांचं सगळं वासावर चालतं. कोऱ्या पिंजऱ्यात सोडले की थोरला कोण, धाकटा कोण, हे पुन्हा पहिल्यापासून ठरवायला ते एकमेकांना फाडतात. म्हणून घाण भुसा फेकायचा, पण घरट्यातला मूठभर जुना कापूस नव्या पिंजऱ्यात ठेवायचा. ओळखीचा वास आला की गडी गप्प. भावजयीनं हे मला स्वतः करून दाखवलं होतं, एकदा नाही, दोनदा.

मग एका सकाळी घरी मी चहा घेऊन तिच्या खोलीकडे गेले, तर ती आईशी फोनवर बोलत होती. "अगं, टाकलेली बाई ती. जाणार कुठे? बसलीय आमच्या मानगुटीवर." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. चहा तसाच मोरीत ओतला. आणि कामावर पोचते न पोचते तोच ही भवानी तोंडाला मास्क लावून, दारातूनच, घाईघाईनं म्हणते, "ताई, आज पिंजरे बदलताना जुनं घरटं टाकायचं. विसरू नका हं!"

टाकायचं. बरं. नव्या पिंजऱ्यात टाकायचं, हे मला कळलं नाही असं नाही. पण टाकायचं म्हणजे फेकायचंही होतं की नाही? आणि टाकणं म्हणजे काय, ते मी तुझ्याकडून शिकू होय गं? मी नरांच्या एकूण एक पिंजऱ्यातली घरटी काढली, कचऱ्याच्या पिशवीत कोंबली आणि पिशवीला गाठ मारली. नवा कापूससुद्धा ठेवला नाही. पिंजरे असे घासले की वासाचं नाव नको.

दुसऱ्या दिवशी नरांच्या खोलीचं दार उघडलं तर भुसा लाल. शेपट्या तुटलेल्या, पाठी सोललेल्या. हरलेले जाळीला लोंबकळत होते, काही मरून पडले होते, आणि एका पिंजऱ्यात जिंकलेला नर मेलेल्या भावाला अजून चावत होता. भावजय मटकन खाली बसली. मला वाईट वाटलं का? उंदरांचं वाटलं. तिचं मुळीच नाही.

साहेबांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. आता ही माझं नाव घेणार, नोकरी जाणार, आणि धाकट्याच्या कानावरही जाणार.

"चूक माझी आहे सर," ती म्हणाली. "मी ‘टाकायचं’ म्हणाले, ताईंनी फेकलं. त्यांचा काही दोष नाही."

"आधी धड बोलायला शिका, मग संशोधन करा," साहेब म्हणाले. जखमी उंदीर मारायचे. प्रयोग बंद. तिची मुदत वाढणार नाही. आणि दोन्ही खोल्यांतून कापूस, नळ्या, सगळी थेरं बाहेर, नुसता भुसा राहील.

काय बावळट बाई आहे, मी मनात म्हटलं. बाहेर आल्यावर तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. "असू दे गं, चुकतं माणूस."

घरटी काढायला आम्हीच दोघी होतो. एका लेकुरवाळीच्या पिंजऱ्यात भावजयीनं हात घातला. खाली गुलाबी, उघडी पिलं वळवळत होती आणि ती आई कापसाचं टोक दातात धरून मागं ओढत होती. भावजयीनं ते सोडवून घेतलं.

"ताई, तुम्हाला कळलं होतं ना?" तिनं वर न बघता विचारलं.

मी कचऱ्याची पिशवी तिच्यापुढे धरली.

"कळलंच होतं. दोनदा दाखवलं होतं मी."

"मग सांगितलं का नाहीस साहेबांना?"

"तुमची नोकरी गेली असती. मग तुम्हाला बरोबर न्यावं लागलं असतं."

"कुठे बरोबर?"

"ह्यांनी बदली मागून घेतलीय, दुसऱ्या शहरात. हे घर सोडतोय आम्ही. तुमचा पगार चालू राहील, एखादी खोली बघा इथेच. मागच्या गल्लीत मिळतात."

"धाकटा असं नाही करणार. त्याला माहीत तरी आहे का हे?"

"त्यांनीच तर सुचवलं," ती म्हणाली, आणि पुढचा पिंजरा माझ्याकडे सरकवला.