ओल्या टॉवेलचा सूड

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही टक्क जागे आहात, पण तुमची कंबर आणि पाय गाढ झोपले आहेत. कुणी चिमटा काढला तरी कळत नाही. अंथरूण ओलं झालं तरी कळत नाही. आमच्या मालगाडीचं अगदी असंच झालं होतं.

मालगाडी म्हणजे आमच्या घरातला आखूड पायांचा, लांबलचक कुत्रा. आणि मी एक जुना टॉवेल आहे. गिरणीतून नवा आलो तेव्हा इतका मऊ होतो, की मला फक्त पाहुण्यांसाठी बाहेर काढत. पुढे काठ उसवले आणि मी पायपुसणं झालो. मग मालगाडीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच्या पोटाखाली माझी नेमणूक झाली. घरातली धाकटी मुलगी माझी दोन्ही टोकं धरून त्याला उभं करी. "चल रे गाडी, सिग्नल पडला!" तेव्हा मला पाहुण्यांच्या काळापेक्षाही मोठं झाल्यासारखं वाटे.

माझं वैर आहे ते धाकटीच्या मामाशी. तिची आई दिवसभर कामावर, त्यामुळे घर मामाच्या ताब्यात. फरशीवर थेंब दिसला, की त्याच्या कपाळावर आठी! मला धुतलं, की तो वरून सुगंधी पाणी बदाबदा ओतत असे.

एके दिवशी माझ्यावरचा, मालगाडीच्या लघवीचा ओलावा गढूळ झाला. त्याला कुजका वास येऊ लागला. मालगाडी कण्हला नाही. कण्हणार कसा? जळजळ त्याला कळतच नव्हती. सांगणारा मी एकटा, आणि माझं तोंड मामा गुलाबाच्या वासाने दाबत होता.

"मामा, घाण वास येतोय रे," धाकटी म्हणाली.

"तुझं नाकच फार लांब! टॉवेल बघ, कसा बागेसारखा दरवळतोय."

मालगाडीने खाणं सोडलं. मला दात नाहीत, नाहीतर मी मामाला चावलोच असतो. कुणीतरी एकदा मला न धुता चारचौघांत न्यावं, मग दाखवतो, असा मी पणच केला.

तपासणीच्या दिवशी मामाचा हात पडण्याआधीच धाकटीने मला पिशवीत कोंबलं आणि दप्तरात लपवलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टाके पाहिले. "लघवीचा रंग, वास?"

"छे! माझ्या हाताखाली घाण? नाव नको!" मामा म्हणाला.

धाकटीने पिशवीची गाठ सोडली आणि मला थेट मामाच्या मांडीवर, इस्त्रीच्या पँटवर टाकलं. मी जीव ओतून घमघमलो.

"अगं, मेलो!"

"तुम्ही नाही, हा मेला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याची लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. उरलेलीत जंतू वाढतात आणि मूत्रपिंडापर्यंत पोचतात. याला दुखणं कळत नाही, म्हणून तुम्हीच रोज बघायचं."

त्यांनी तपासायला लघवी काढून घेतली, औषध सुरू केलं. काही दिवसांनी मालगाडी पुन्हा जेवणावर तुटून पडला.

मामाने माझी माफी मागितली नाही. मागितली असती तरी मी दिली नसती. मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही, त्याची घाणच बोलते. तिचं तोंड दाबू नका.

"आता तरी ते फडकं फेक," मामा कुरकुरला.

धाकटीने मला उचललं, बादलीसकट त्याच्यापुढे ठेवलं आणि समोर स्टूल ओढून बसली.

"आधी हुंग, मग धू. रोज."