पश्चिमेकडची भिंत

आई वैशाखात गेली आणि आषाढ सरेस्तोवर तिच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर काळी बुरशी पुरुषभर चढली. गोवा राज्य होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. म्हापशाच्या शाळेत शिकवणारी भाग्यलक्ष्मी शनिवारच्या बसने पेडण्याला आली, तर बाबा त्याच खोलीत, आईच्या रिकाम्या खाटेशेजारी झोपत होते. श्वास घेताना त्यांच्या छातीत शिट्टी वाजत होती.

"चुनो लावया, बाबा."

"वरीस सरांदे. तोवर घराक चुनो लागूचो नाय."

"मगे वटीवर तरी निजा."

"हयंच बरां आसा."

बाबा देवळात गेले तशी तिने हिरांची केरसुणी घेतली आणि भिंत कोरडीच खरवडून काढली. पाऊस आत येईल म्हणून खिडकी बंदच होती. काळी धूळ खोलीभर उडून हळूहळू खाटांवर बसली. बाबा परतले, सवयीने आत जाऊन आडवे झाले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना खोकल्याने पाठ टेकता येईना.

शेजारची सोनाबाई काढा घेऊन आली. तिने आधी केरसुणी पाहिली, मग भाग्यलक्ष्मीकडे.

"गो बाय, इतकी पुस्तकां वाचलंस आणि म्हाताऱ्याक धूळ खावक घातलंस?"

"चुनो नाका म्हणतत ते."

"चुनो नाका तर नाका. पण भिंत धुवूक कोणी सुतक सांगलां? आणि झडी खंय गो? तुझी आवय मिरगाआधी हे भिंतीक भायल्यान झडी बांधी. औंदा तिच्याच दिसांत सगळां रवलां."

झडी भाग्यलक्ष्मीला आठवत होती. माडाच्या विणलेल्या चुडतांचा तो पडदा पावसाचा मार अंगावर घेई. आई दरवर्षी तो बांधते हे तिला माहीत होतं. का बांधते, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

रविवारी तिने बाबांना ओटीवर बसवलं, खिडकी सताड उघडली. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवली, नाकाला पदर बांधला आणि ओल्या फडक्याने भिंत वरून खाली पुसली. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. आईची लुगडी, घडीवरच्या बुरशीच्या पांढऱ्या ठिपक्यांसकट, वाऱ्यावर टाकली. मग ती आणि सोनाबाई पावसात भिजत बाहेरून झडी बांधायला लागल्या. सुंभाची गाठ दोनदा सुटली. सोनाबाई हसली, ती हसली नाही.

"चुनो नाय मगे लायलंस?" बाबांनी आत डोकावून विचारलं.

"नाय. नुसतां पाणी. पण भिंत सुकासर हय निजाचां नाय."

भिंतीसाठी म्हटल्यावर ते कबूल झाले.

त्यानंतर दर शनिवारी ती आली की बाबा आधी तेच विचारत, "सुकली?" ती आत जाऊन येई. "नाय अजून."

श्रावणात उघडीप पडली. भिंत करडी आणि कोरडी झाली होती. बोट फिरवलं तर जुन्या चुन्याची भुकटी लागत होती. बाबांच्या छातीतली शिट्टी थांबून बरेच दिवस झाले होते.

"सुकली?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ओली आसा अजून."

बाबा उठून आत गेले. तिने दारातून पाहिलं. त्यांनी भिंतीवर पंजा ठेवला होता आणि बराच वेळ उचलला नाही. मग त्यांनी आईच्या खाटेशेजारच्या आपल्या खाटेवरची उशी काखेत घेतली आणि बाहेर आले.

"ओलीच आसा," ते म्हणाले, आणि ओटीवर चटई पसरू लागले.