काँटेसाची पुढची सीट

वडीगोद्रीच्या शिवारात आबारावांची निळी काँटेसा वीस वर्षं जागची हलली नव्हती. तरी दर दसऱ्याला ती धुतली जायची, तिला झेंडूचा हार पडायचा, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उमटायची आणि आबाराव आत बसून चावी फिरवायचे. इंजिन चालू व्हायचं. पहिल्या फटक्यात नाही, पण व्हायचं. पाय दाबला की शेडचे पत्रे थरथरायचे, शेजारच्या म्हशी कान टवकारायच्या, आणि गाडी तसूभरही पुढं सरकायची नाही. घरी परतताना पारावरची रिकामी मंडळी विचारायची, आबा, कुठवर जाऊन आलात? आबाराव म्हणायचे, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. हसण्यावारी नेण्याची ही कला त्यांनी वीस वर्षांत चांगली घोटली होती.

गाडी हलत का नव्हती, ते सांगायला हवं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक गोळा असतो. त्यात दोन दातेरी चाकं. मोठं ते क्राऊन, लहान ते पिनियन. इंजिनाची सगळी ताकद लहानाच्या दातांवरून मोठ्याकडं जाते आणि तिथून चाकांना मिळते. त्या पिनियनचे चार दात आबारावांनी स्वतः, भर दिवसा, चाळीस माणसांदेखत तोडले होते.

गाडी घेतली तेव्हा मोसंबीचं साल होतं. असं साल पुन्हा आलं नाही. तालुक्यात जीपा पुष्कळ होत्या, पण असं लांबलचक नाक असलेली, घाटात अँबेसेडरला मागं टाकणारी गाडी एकच. दर रामनवमीला ती जांब समर्थला जायची. चालवायला आबाराव, शेजारी त्यांची आई तुळजाबाई. मागं बसलं की तिला गाडी लागायची. आणि मागच्या सीटवर गोपिकाबाई, डोक्यावर पदर, मांडीवर लहानगा हरिओम, पायाशी दशम्यांचं गाठोडं. पुढं सासू, मागं सून. हे कुणी ठरवलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलंही नव्हतं. एकदा जांबहून आल्यावर बायकांनी गोपिकाबाईंना विचारलं, एवढ्या मोठ्या गाडीतून काय काय बघितलं? त्या म्हणाल्या, "मला काय, ह्यांची मान दिसली." सगळे हसले. सर्वांत जास्त आबाराव हसले. आता ते आठवलं की त्यांना स्वतःचाच राग यायचा.

तुळजाबाई गेल्या. वर्ष सरलं, रामनवमी आली, आणि आदल्या दिवशी आबाराव स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हळूच म्हणाले की उद्या तू पुढं बस. दुपारी गोपिकाबाईंच्या पेटीतून हिरवं इरकल लुगडं निघालं आणि दोरीवर वारा खात बसलं. आबारावांनी ते बघितलं आणि त्यांची छाती उगाच फुगली. त्याच फुगलेल्या छातीनं घात केला. संध्याकाळी मोसंबीनं भरलेला टेम्पो नुकतंच पाणी दिलेल्या काळ्या रानात रुतला. ट्रॅक्टर गावात नव्हता, तो तासाभरात येणार होता. तासभर थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. आबाराव म्हणाले, काँटेसा लावा. नाडा बांधला, बघ्यांनी बांध भरला, आबारावांनी पहिला गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. कडाड आवाज झाला. टेम्पो होता तिथंच होता, नाडाही शाबूत होता, तुटलं ते पोटातलं.

गोपिकाबाईंनी दोरीवरचं इरकल घडी घालून पेटीत ठेवलं. एक शब्द बोलल्या नाहीत. चार शब्द बोलल्या असत्या तर आबारावांना इतकी वर्षं ते टोचलं नसतं.

सुरुवातीला त्यांनी शोधाशोध केली. मग कंपनीनं ती गाडी काढणं बंद केलं, बागेला पाणी कमी पडलं, मुलांची लग्नं झाली, आणि शोध दसऱ्याच्या हारापुरता उरला. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र गोपिकाबाई दोनदा उंबऱ्याला अडखळल्या. हरिओम जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत आहे. त्यानं आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, आबारावही बरोबर होते. काचबिंदू निघाला. कडेची नजर गेली होती, मधली तेवढी शिल्लक होती. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं किती टिकेल ते औषध घालत घालत बघायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना एस्टीत गोपिकाबाई खिडकीबाहेर बघायला अख्खी मान वळवत होत्या. आबारावांनी विचारलं, कसं दिसतंय? त्या म्हणाल्या, "नळीतून बघितल्यावानी. समोरचं तेवढं दिसतंय." समोरचं दिसतंय तोवर हिला पुढं बसवायचं, एवढं एकच आबारावांच्या डोक्यात रस्ताभर फिरत होतं.

हरिओमनं सरळ उपाय सुचवला. माझी गाडी आहे, आईला पुढं बसवू, तासाभरात जांब. पोरगा शहाणा होता, त्यात वाद नाही. आबाराव म्हणाले, "तुझ्या गाडीत पुढं बसली म्हंजे तुझ्या गाडीत बसली. माझ्या गाडीत न्हाई."

जालन्यात शिवशंकर मिस्त्री म्हणून जुन्या गाड्यांचा एक जाणकार होता. बोलायला तुटक, हाताला सोनं. आबारावांनी त्याच्यापुढं फडक्यात गुंडाळलेलं क्राऊन ठेवलं आणि म्हणाले, हे चांगलं आहे, फक्त पिनियन मिळवून दे. मिस्त्रीनं क्राऊनच्या कडेवर कोरलेला बारीक आकडा अंगठ्यानं पुसून दाखवला. "आबा, हे जोडीनंच येतंय. कारखान्यात दोघांना एकमेकांवर घासून घेतेत आन् दोघांवर एकच आकडा कोरतेत. ह्याला दुसऱ्याचं लावलं तर गाडी चालंल, पर जल्मभर रडत चालंल." आबारावांना वाटलं, हा आपल्याला टोमणा मारतोय. मिस्त्रीच्या मनात तसं काही नव्हतं.

मग दोघांनी फोन सुरू केले. इंदूर, हैदराबाद, कोल्हापूर. अस्सल काँटेसाचं म्हणून तीन खोकी आली आणि तिन्हींतून अँबेसेडरचा माल निघाला. एकानं तर जीपचंच पाठवलं आणि वर थोडं घासून घ्या असा सल्ला दिला. शेवटी मिस्त्री म्हणाला की एमआयडीसीत जाऊन बघू. देशभरच्या गाड्या मोडून जालन्यात येतात आणि वितळून सळई होऊन निघतात. भट्टीच्या आधी काही हाती लागलं तर लागलं.

भंगाराच्या वखारीचा मालक राधेश्याम त्यांच्या वयाचाच होता. वखारीतला डोंगर बघून आबारावांचा जीव कासावीस झाला. एकेकाळी कुणीतरी हार घातलेल्या गाड्यांची ती हाडं होती. राधेश्यामनं सांगितलं की गेल्या दहा वर्षांत त्याच्याकडं काँटेसा आलेली नाही, जी आली ती भट्टीत गेली. मग तो थांबला आणि डोकं खाजवत म्हणाला की त्या गाडीचे मागचे एक्सल मात्र तो कधी भट्टीला देत नसे. टायरगाड्या बनवणारे लोहार ते मागून न्यायचे, कारण बैलगाडीला त्याची रुंदी बराबर बसते. गोळा कोण खोलत बसणार, तसाच आख म्हणून जोडायचे.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी इंदूर-हैदराबाद पालथं घातलं, ती कुठल्यातरी बैलगाडीखाली लोंबत होती. आबारावांना हसावं की रडावं कळेना.

त्या दिवसापासून आबाराव मोटारसायकल घेऊन गावोगाव बैलगाड्यांच्या खाली डोकावू लागले. अंबडच्या बाजारात, उसाच्या फडावर, जिथं गाडी दिसेल तिथं गुडघ्यावर बसायचे. लोकांना वाटलं म्हातारा बैल घ्यायला निघालाय आणि खुरं बघतोय. दोघांनी त्यांना खोंड विकायचा प्रयत्न केला. गोपिकाबाई रोज संध्याकाळी धोतराला लागलेलं शेण बघायच्या आणि धोतर भिजत घालायच्या. शोध कसला, ते आबाराव तरी कशाला सांगतील? एकदा सांगून तोंडघशी पडले होते.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. जांबच्या अलीकडं एका वस्तीवर, मेंढरांच्या वाड्याशेजारी एक टायरगाडी सोडलेली होती आणि तिच्या आखाच्या मधोमध भोपळ्याएवढा गोळा होता. आबाराव खाली वाकले, चिखल नखानं खरवडला आणि तसेच बसून राहिले. शेडमध्ये गाडीखाली आडवं पडून वीस वर्षं बघितलेला गोळा त्यांनी झोपेतही ओळखला असता.

गाडीचा मालक बद्रीनाथ बाहेर आला. आबारावांनी हा आख द्या, बदल्यात नवा बसवून देतो म्हणून सांगितलं. बद्रीनाथ म्हणाला, माझं काही नाही, पण या आखाचं सगळं माझी बायको बघते, तिला विचारा. गोजरबाई कोकराला पाजत होत्या. त्यांनी हातातलं काम न सोडता सांगितलं की गाडी घेतली त्या वर्षीच त्यांना गोळ्याला एक बूच दिसलं. पोळ्याला गाडीला वंगण द्यायचंच असतं, मग ह्याच्या पोटालाही लागत असेल, म्हणून दर पोळ्याला बूच काढून त्या एरंडेल ओततात. पंधरा वर्षं. एकदाही चुकलं नाही. एवढी सेवा केलेली वस्तू त्या काय म्हणून देतील? नवा असला म्हणून काय झालं, हा चांगला चालतोय.

आबारावांनी काय काय कारणं तयार ठेवली होती. ती सगळी त्यांनी सोडून दिली. बायकोला, पोराला, मिस्त्रीला न सांगितलेली गोष्ट त्यांनी त्या परक्या बाईला सांगितली. आईची सीट, मागची सीट, इरकल, टेम्पो, नळी. सगळं.

गोजरबाईंनी कोकरू खाली सोडलं. "म्हंजे तुमच्या मालकीणबाई कधीच पुढं न्हाई बसल्या?"

"न्हाई."

"आमच्यात तर मीच पुढं असते. कासरा माझ्या हातात, आन् हे मागं कडब्यावर झोपलेले." बद्रीनाथनं दुसरीकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "न्या. पर आधी दुसरा बसवा, मंग हा काढा. मला परवा खत वाहायचंय."

शिवशंकर मिस्त्रीनं गोळा खोलला तेव्हा त्याला आत गंज आणि चिखल मिळेल अशी खात्री होती. बाहेर आलं ते दाट पिवळं एरंडेल. गॅरेजभर त्याचा वास सुटला. फडक्यानं पुसलं तर दात न् दात चकचकीत. बैलांच्या चालीनं फिरलेल्या दातांना झीज ती किती असणार? मिस्त्रीनं क्राऊनवरचा आकडा वाचला, मग पिनियनवरचा वाचला, आणि चष्मा काढून आबारावांकडं दिला, म्हणजे त्यांनीही वाचावा. दोन्हीवर सत्तावीस. आबाराव तिथंच स्टुलावर बसले आणि त्यांनी टोपीनं डोळे पुसले. मिस्त्रीनं चहा सांगितला.

रामनवमीला अजून सात महिने होते. एवढं थांबायला कुणाला धीर होता? पंधरा दिवसांनी नवे टायर, नवे पाइप लावलेली काँटेसा आबारावांनी स्वतः चालवत घरापुढं आणली. पारावरची मंडळी उठून उभी राहिली आणि त्यांना विचारायला काही उरलं नाही. गोपिकाबाई आवाज ऐकून बाहेर आल्या. आबाराव म्हणाले, जांबला जाऊन येऊ. त्या आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा अंगावर इरकल होतं, घड्यांवर विरलेलं.

त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि चाचपत चाचपत मागच्या दाराकडं गेल्या.

"हरीची माय," आबाराव म्हणाले, "तिकडं न्हाई. पुढं."

जांबच्या रस्त्याला गाडी चौथ्या गिअरला लागली. मागून घूं नाही, खड नाही. दोन्ही बाजूंना तुरी हिरव्यागार, समोर काळा सरळ रस्ता, वर मोकळं आभाळ. आबारावांना वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. रस्ता केवढा मोठा झाला म्हणेल, झाडं तोडली म्हणेल. ती बोलेना. त्यांनी कडेनं बघितलं तर गोपिकाबाईंची मान पूर्ण वळलेली होती, त्यांच्याकडं. रस्ता त्यांच्या डोळ्यांपुढं नव्हताच. उशीर झाला, नळी बुजली, असं आबारावांना वाटलं.

त्यांनी घाबरत विचारलं, "रस्ता दिसून राह्यला न्हाई का तुला?"

"दिसतो की. रस्ता काय, एस्टीतूनबी दिसतो." गोपिकाबाईंनी मान वळवली नाही. "तुमी गाडी चालवताना कसे दिसता, ते बघून राह्यले. इतकी वर्सं निसती मान पाह्यली."

आबारावांनी टोपी सारखी केली. मग पुन्हा सारखी केली. मागून एका टेम्पोनं हॉर्न दिला, त्याला त्यांनी हात बाहेर काढून पुढं जाऊ दिलं आणि गाडी तिसऱ्या गिअरला आणली. जांबचा फाटा कधी मागं पडला ते गोपिकाबाईंना कळलं नाही. आबारावांना कळलं, पण त्यांनी गाडी वळवली नाही.