देव्हाऱ्यात बसलेला क्राऊन

मित्रांनो, रस्त्यावरून जीप गेली की तुम्ही तिचा रंग बघता, टायर बघता, फार तर हॉर्नची नक्कल करता. तिच्या पोटाखाली, मागच्या दोन चाकांच्या मधोमध, एक लोखंडी भोपळा लटकत असतो. त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी त्या भोपळ्यात राहतो. मी एक जुना क्राऊन आहे, म्हणजे ताटलीएवढं दातेरी चाक. नाव मुकुटाचं असलं तरी अंगभर काळं तेल आहे, आणि नसत्या चौकशा करायची खोड जन्मापासून आहे.

मी एकटा मात्र कधीच नव्हतो. माझा जोडीदार पिनियन. चण लहान, दांडा लांब, दिसायला थेट खलबत्त्यातला बत्ता. इंजिनाचा जोर तो घेऊन येतो आणि मी तो वळवून चाकांकडे पाठवतो. त्याला अकरा दात, मला एक्केचाळीस. तो जवळजवळ पावणेचार वेळा गरगरतो तेव्हा कुठे माझी एक फेरी होते. आणि या दोन आकड्यांना एक सोडला तर कुठल्याच सामाईक संख्येनं भाग जात नसल्यामुळे माझा प्रत्येक दात त्याच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भेटतोच. एवढा शेजारधर्म तुमच्या सोसायटीतही नसेल.

आमचा जन्म चाकणच्या एका कारखान्यात झाला. भट्टीत तापलो, तेलात बुडलो आणि शेवटी सुमनताईंच्या हाती आलो. सुमनताई मूळच्या लातूरकडच्या, लग्न होऊन पिंपरीला आलेल्या. बारीक पूड मिसळलेलं तेल सोडून त्यांनी आम्हा दोघांना एकमेकांवर फिरवत घासलं. मग दातांना शेंदरी लेप लावला, पुन्हा फिरवलं आणि लेप कुठे पुसला जातो ते वाकून पाहिलं. ठसा दाताच्या मधोमध उमटला तशी त्यांनी मान डोलावली. दोघांच्या अंगावर एकच नंबर कोरला गेला. "आता ही जोडी फोडायची न्हाई," त्या शेजारणीला म्हणाल्या. "एकमेकांवर घासून तयार झालेत. दुसऱ्याशी ह्यांचं जमायचं न्हाई."

पुढे आम्ही एका जीपमध्ये बसलो, बरीच वर्षं धावलो, आणि फिरत फिरत ती जीप सुमनताईंच्या मुलानेच, समाधानने, जुन्या बाजारातून घेतली. तुम्हाला हा फार मोठा योगायोग वाटेल. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात तो नवलाचा नाही. इथल्या निम्म्या गाड्यांच्या पोटात कुणाच्या तरी आईचा नाहीतर काकाचा हात लागलेला असतोच.

जीप चालवायची ती समाधानची बायको रुपाली. ती एका कंपनीत इंजिनांच्या चाचण्या घेते. दर वर्षी दसऱ्यानंतर जवळच्या एका डोंगररस्त्यावर गाड्यांची चढणीची शर्यत भरते, तिथे ती उतरायची. लोक तिचं कौतुक करायचे, आणि त्यातलं थोडं मी गुपचूप आपल्या खात्यावर जमा करायचो. पण गेल्या वर्षी शेवटच्या सरळ टप्प्यात इंजिनाचा दमच संपला. रुपालीने घरी येऊन हेल्मेट ठेवलं आणि सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी एकदाच. माझीच जुनी वेळ मला मोडता आली नाही, तर जीप विकायची. दर रविवारी सगळं घर गॅरेजात, हे किती दिवस चालायचं?"

ती नुसती बोलायची बात नव्हती. त्यामुळे दापोडीच्या आमच्या गॅरेजात तयारी जोरात सुरू झाली. इंजिन वेगाने फिरू लागलं की त्याला हवा कमी पडत होती, म्हणून रुपालीने मोठा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे काय? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर एक पंखा फिरतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. पण मोठा पंखा लगेच जागा होत नाही. लग्नाच्या घरातल्या पाहुण्यासारखी त्याला दोनतीनदा हाक मारावी लागते.

मग प्रश्न आला माझा. जो तो शहाणा सांगू लागला की चढाला लहान गिअर हवा, नऊ दातांचा पिनियन लावा, इंजिन चढ्या फेऱ्यांत राहील आणि गाडी उडेल. सुमनताईंचंही तेच मत पडलं. त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. कारखान्याने शाल-नारळ देऊन सत्कार केला होता. त्या गॅरेजात यायला निघाल्या की रुपाली प्रेमाने म्हणायची, "आई, तुम्ही आता आराम करा." शेवटी आमच्या जागी नवी जोडी बसली आणि आम्ही बाहेर पडलो.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं, यंत्रं मांडून त्यांची पूजा करतात. आईने घासलेला म्हणून समाधानने मला पुसून संत तुकाराम नगरच्या घरी नेलं. सुमनताईंनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मला देव्हाऱ्यात जागा दिली.

"जोडीदार कुठाय ह्याचा?" त्यांनी विचारलं.

"आहे गॅरेजात. जातोय कुठं?" समाधान म्हणाला.

पहिला दिवस मी फुगून बसलो होतो. दिवा काय, उदबत्ती काय! गिअरच्या जातीत हा मान कुणाला मिळतो? पण दसरा उजाडला, घरोघरची हत्यारं उचलली गेली, कारखाने सुरू झाले, आणि मी तिथेच राहिलो. दातांच्या बुडाशी गंजाचे ठिपके दिसू लागले. सुमनताई रोज बोटाने खोबरेल लावायच्या आणि हळूच पुटपुटायच्या, "तुला हळद-कुंकू, मला शाल-नारळ. बसा आता दोघंबी." मित्रांनो, त्या दिवसांत मला पिनियनची फार आठवण आली. त्याहून जास्त वाईट सुमनताईंचं वाटलं.

शर्यतीच्या आठवडाभर आधी रुपाली निघोज्याकडच्या चढावर चाचणी घेऊन परतली. चेहरा उतरलेला. ती माझ्यासमोर जमिनीवरच बसली.

"आई, गाडी गेल्या वर्षीपेक्षा हळू पळतेय. इंजिन नुसतं ओरडतंय. सगळं बरोबर करूनही असं का व्हावं?" सुमनताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी प्यायल्यावर रुपालीला एकदम हसू आलं. "आणि गंमत सांगू? येताना सरुबाई भेटल्या, निघोज्याच्या. कांद्याच्या गोणी आणि जावेला घेऊन टेम्पोची वाट बघत होत्या. म्हटलं चला, चाकणच्या बाजारात सोडते. गोणी टाकल्या, दोघी बसल्या, आणि तोच चढ चढताना टर्बोची शिट्टी केवढी लवकर वाजली! सरुबाई म्हणतात, 'आगं बाय, शिट्टी कुनी मारली? आत बाया बसल्यात म्हनावं!'"

सुमनताई पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसू थांबलं. "थांब. वझं घातल्यावर लवकर वाजली? आन् रिकामी असताना उशिरा?"

"हो ना."

"असं का गं?"

मीही कान टवकारले. चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कुणी उठेना.

"आई," रुपाली हळूहळू बोलू लागली, "टर्बोला दम भरायला वेळ लागतो. रिकामी गाडी त्याला वेळच देत नाही. नऊ दातांनी इंजिन इतकं मोकळं केलंय की फेऱ्या भराभर चढतात. टर्बो कुठे फुगतोय तोवर गिअर बदलायची वेळ येते. बदलला की हवा पुन्हा उतरली! त्याला रेटायला समोर काहीतरी पाहिजे."

"मग काय कांदे घेऊन शर्यतीत उतरतीस?"

"कांदे नकोत. ओझं गिअरनेच द्यायचं." आणि दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

सुमनताईंचा हात पुढे आला आणि मध्येच थबकला. देवापुढची वस्तू हलवायची कशी? मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "खंडेनवमीला हत्यार ठेवायचं आन् दसऱ्याला उचलायचं. ह्याचा दसरा मीच विसरले की!" त्यांनी मला उचललं, कपाळाला लावलं आणि पिशवीत घातलं.

"आई, तुम्हीही चला," रुपाली म्हणाली. "बसवणार कोण?" सुमनताई चपला घालून आधीच दारात उभ्या होत्या.

गॅरेजात मात्र पिनियन सापडेना. खोकी उपसली, भंगाराचा पिंप उलटा केला. रुपाली रडकुंडीला आली. "दुसरा आणू का अकरा दातांचा?"

"दुसरा चालत न्हाई, माय."

तेवढ्यात कोपऱ्यातून ठक ठक आवाज आला. समाधान चहासाठी आलं कुटत होता, आणि त्याच्या हातात माझा जोडीदार होता!

"अगं माय! समाधान!" सुमनताई ओरडल्या.

"काय झालं? दात वर धरलेत की. नुसतं टोक वापरतो, आणि रोज धुतो," समाधान निरागसपणे म्हणाला. सुमनताईंना रागवावं की हसावं ते समजेना. टोकाच्या आट्यांना जरा मार बसला होता, तो त्यांनी बारीक कानशीने साफ केला. दात शाबूत होते. आम्ही कितीतरी दिवसांनी भेटलो. त्याला आल्याचा वास येत होता, मला उदबत्तीचा.

मग दोघांतलं अंतर नेमकं जुळेपर्यंत पातळ चकत्या घालत, काढत सुमनताईंनी आम्हाला बसवलं. रुपाली बॅटरी धरून एकेक गोष्ट विचारत होती आणि त्या दाखवत होत्या. शेंदरी ठसा मधोमध उमटला तेव्हा दोघींनी एकत्र मान डोलावली.

शर्यतीत आमची सुरुवात मंद झाली. बाकीच्या गाड्या झपकन सुटायच्या, आम्ही जड पावलांनी निघालो. माझ्या मनात आलं, झाली फजिती. पण पहिल्या वळणानंतर ओझं अंगावर आलं, पिनियन माझ्यावर रेलला आणि शिट्टी वाजली. तिथून निशाणापर्यंत रुपालीने गिअर बदललाच नाही. शेवटच्या सरळ टप्प्यात, गेल्या वर्षी जिथे दम संपला होता तिथेच, इंजिन मोकळ्या गळ्याने गात सुटलं. पहिला नंबर आला नाही, खोटं कशाला सांगू? पण रुपालीने स्वतःची जुनी वेळ पार मागे टाकली. जीप विकायचा विषय तिथेच मिटला.

खाली आल्यावर ती सुमनताईंना म्हणाली, "आई, दहा दातांचा करून बघायचा का? शिट्टीही वाजेल आणि सुरुवातही सुधारेल."

"बघू की," सुमनताई म्हणाल्या. "पण जोडी मी घासणार."

म्हणजे मित्रांनो, मी पुन्हा बाहेर पडणार. पण खरं सांगू, मला वाईट वाटलं नाही. दहा दातांनी काय होतं ते बघायची मलाच उत्सुकता आहे. माझं मागणं एवढंच: आम्हाला काढलंत तर दोघांना एकाच कापडात, तेल लावून गुंडाळून ठेवा. आलं कुटायला खलबत्ता घ्या. आमची पूजा जरूर करा, पण दसऱ्याला आठवणीने उचला. आणि तुमच्या घरात कुणाला शाल-नारळ देऊन बसवलं असेल, तर आज त्यांच्यापुढे जाऊन बसा आणि तुमचं अडलेलं एक कोडं त्यांना सांगा. दूध उतू गेलं तर जाऊ द्या.