शिल्लक गोळ्यांचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणावर एके काळी अख्खं जहाज रंगवलेलं होतं. आता त्यातलं एक शीड तेवढं उरलं आहे. मित्रांनो, म्हणून नाक मुरडू नका. माझं झाकण अजून असं घट्ट बसतं की उघडताना भल्याभल्यांची नखं दुखतात.

कारखान्यातून मी पोटात बिस्किटं घेऊन निघालो. ती चार दिवसांत फस्त झाली आणि मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या मशीनशेजारी बटणं सांभाळू लागलो. सारी गल्ली त्यांना मावशी म्हणते. दोनदा माप घेतल्याशिवाय त्या कापडाला कात्री लावत नाहीत.

मग त्या जिन्यावरून पडल्या. हाड सांधलं, पण कमरेतली कळ बारा वर्षं झाली तरी गेली नाही. बटणं बरणीत गेली आणि माझ्यात दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या आल्या. डॉक्टरांनी दिवसाला तीन सांगितल्या होत्या. मावशी मात्र दुखणंही मापून घ्यायच्या. बरं वाटेल त्या दिवशी दोनवर भागवायच्या आणि तिसरी मागे टाकायच्या, जमिनीला पाय टेकवणंही नको होईल अशा दिवसासाठी. जुन्या डॉक्टरांना हे ठाऊक होतं आणि मान्यही होतं.

पुढे ते डॉक्टर निवृत्त झाले आणि नियम कडक झाले. अशा गोळ्यांच्या नादी लागून काही घरांतली तरणीताठी माणसं गेली होती, तेव्हा नियम उगाच आले नव्हते. आता एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या मिळणार आणि दर वेळी उरलेल्या मोजून दाखवायच्या. मावशी मला पिशवीत घालून ऐटीत दवाखान्यात गेल्या. कित्येक महिन्यांत मिळून एकवीस गोळ्या वाचल्या होत्या. त्यांना वाटलं, कौतुक होईल. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

नव्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या मोजल्या. एवढ्या उरतात म्हणजे एवढी गरज नाही, असं म्हणून त्यांनी दिवसाला एकच लिहून दिली आणि उरलेल्या जमा करून घेतल्या. काटकसरच अंगाशी आली.

त्या आठवड्यात मशीन झाकलेलंच राहिलं. शाळेच्या गणवेशांचं कापड टेबलावर पडून होतं आणि मावशी भिंत धरून कशाबशा न्हाणीघरापर्यंत जायच्या. लेक चिडली. म्हणाली, "रिकामा डबाच न्यायला हवा होतास. आता तरी सांग, गोळ्या सांडल्या म्हणून."

"खोट्या मापाचा कपडा अंगाला बसत नाही गं," मावशी म्हणाल्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी मला उघडलं. मी रिकामा. नोंद तंतोतंत जुळली म्हणून त्या खूश झाल्या. मावशी खुर्चीची पाठ धरून उभ्याच होत्या.

"डबा जुळला, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पण या आठवड्यात मला एक टाकाही घालता आला नाही."

ना आवाज चढवला, ना डोळ्यांत पाणी आणलं. मला माझ्या मालकिणीचा फार अभिमान वाटला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आधीच्या गोळ्या कशा उरल्या होत्या, हे त्यांनी तेव्हा प्रथमच विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. चुकलं म्हणायला मोठं मन लागतं. ते त्यांच्याकडे होतं. त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं. मंजुरी यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस मावशी टेबलाला टेकून, उभ्याने, हाताने काजं करत राहिल्या. दहा मिनिटं काम, मग अर्धा तास पडून राहायचं.

आता गोळ्या पूर्वीसारख्या मिळतात आणि शिलकीची वेगळी नोंद होते. दर आठवड्याची फेरी काही चुकलेली नाही, मोजणीही नाही. मोजू देत की! मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी नियम करणारं होईल. माझ्यासारखे डबे जरूर उघडून बघा, पण डबा उघडण्याआधी माणसाकडे बघा. परवा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला सारलं आणि आधी विचारलं, "मावशी, आज किती वेळ बसता आलं?"

"दोन्ही बाह्या लावून होईपर्यंत," मावशी म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.