खंडेनवमीचं कुलूप

स्कॅनर बंद पडल्याचा एखाद्याला एवढा आनंद होऊ शकतो, हे अण्णासाहेबांचं तोंड बघेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. स्क्रीनवर इंग्रजी पाटी आली, मी ती मराठीत सांगितली, "स्कॅनर सापडत नाही म्हणतोय," आणि हा माणूस खुर्चीत पाय पसरून बसला. बशीतला चहा सावकाश फुंकून प्यायला. वर मलाच म्हणाला, "जाऊ द्या बेबीनंदाताई. मशीनीपुढं कोनाचं चालतं?"

माझं डोकं तिथेच तापलं. ते तसं लवकर तापतं, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

कम्प्युटरवर विंडोज अठ्ठ्याण्णव चालायचं त्या काळातली ही गोष्ट. जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, नवलकिशोरजींच्या दुकानाला लागून असलेल्या खोलीत माझं डीटीपीचं काम होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची आमंत्रणं, आणि निवडणूक आली की उमेदवारांची पत्रकं. अण्णासाहेब अंतरवाली सराटीच्या पुढच्या एका गावचे, ग्रामपंचायतीचे जुने मेंबर. या वेळी त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, म्हणून त्यांनी धाकट्या भावाच्या बायकोला, सोनूबाईला, उभं केलं होतं.

उभं केलं, हा त्यांचा शब्द. सोनूबाईनं घरात एक अट घातली होती, ती तिनं बाकावर बसून मला हळूच सांगितली. "उभी राह्यले तर माझ्या तोंडानं राहीन. पत्रकावर फोटो माझा पाहिजे." घरात बरीच आदळआपट झाली म्हणे. शेवटी अण्णासाहेबांनी नाइलाजानं हो म्हटलं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला घेऊन माझ्याकडे आले. आणि त्याच दिवशी माझ्या स्कॅनरनं अंग काढून घेतलं.

मागच्या निवडणुकीचा अण्णासाहेबांचा फोटो माझ्या कम्प्युटरात तयारच होता. फेटा, मिशा, जोडलेले हात. त्याला स्कॅनर लागत नव्हता. म्हणून तर चहा एवढा गोड लागत होता.

"तोच टाका मोठा," ते म्हणाले. "खाली हिचं नाव येऊ द्या बारीक. लोक मला वळखतात. हिला कोन वळखून राह्यलं?"

थोरल्या दिरापुढे तोंड उघडायची त्यांच्याकडे रीत नव्हती. सोनूबाईनं पदर थोडा पुढे ओढला आणि रुमालात गुंडाळलेला फोटो मुठीत घट्ट धरला. मी तो पाहिला होता. जांब समर्थच्या यात्रेत काढलेला, एकटीचा. मान ताठ, नजर सरळ समोर. तिचा एकटीचा असा तेवढाच एक फोटो होता.

पाच वाजेपर्यंत पत्रक छापखान्यात पोचवायचं होतं. नाहीतर मतदानाआधी गावात वाटायला वेळच उरला नसता. दुसरा स्कॅनर कुंडलिका नदी ओलांडून नव्या जालन्यात होता, पण तो विरोधी उमेदवाराच्या सख्ख्या भाच्याचा. तिकडे गेलो असतो तर सोनूबाईच्या फोटोचं काय झालं असतं, देव जाणे.

मी पदर खोचला आणि टेबलाखाली शिरले. केबल काढली, फुंकली, पुन्हा लावली. सापडेना. दोन्ही बंद करून पुन्हा चालू केले, आधी कम्प्युटर, मग स्कॅनर. सापडेना. सीडी घालून सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं, त्यात अर्धी दुपार गेली, आणि वर पुन्हा तीच पाटी. औरंगाबादच्या इंजिनिअरला एसटीडीवरून फोन लावला तर साहेब सणाला गावी गेलेले.

"ताई, फुकट टाइम घालवून राह्यल्या तुम्ही," वरून आवाज आला.

"माझा टाइम आहे. मी घालवीन नाहीतर लोणचं घालीन," मी टेबलाखालूनच म्हणाले. बाकावरून हसू दाबल्याचा आवाज आला, तो ऐकून मला जरा बळ आलं.

मग मी खाली बसूनच डोकं शांत केलं. परवापरवापर्यंत हा स्कॅनर व्यवस्थित चालत होता. मध्ये झालं काय? खंडेनवमी झाली. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या हत्यारांना सुट्टी आणि हळदकुंकू. शेतकरी विळा-कुऱ्हाड मांडतो, शिंपी मशीन मांडतो, दुकानदार तराजू मांडतो. मी कम्प्युटर, प्रिंटर आणि स्कॅनर टेबलावरून उतरवून पाटांवर मांडले होते, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. आधी हे तिघं एका बोर्डावर, एकाच बटणावर चालायचे. पूजेनंतर परत लावताना मी स्कॅनरची पिन भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटात खोचली होती. आणि सकाळपासून दर वेळी आधी चालू कुणाला केलं? कम्प्युटरला. तो मोठा, त्याचा मान पहिला!

या जातीच्या स्कॅनरचं तसं नसतं. तो आधी जागा पाहिजे, मग कम्प्युटर उठला की त्याला ओळखतो. मी सगळं बंद केलं, आधी स्कॅनरचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागू दिला, मग कम्प्युटर चालू केला. पाटी आली नाही. "सापडला!" मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

सोनूबाईनं धावत येऊन फोटो दिला. मी तो काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं, माउस दाबला. आत उजेड पेटला. आणि स्कॅनर गुरगुरायला लागला. कर्रर्र, कर्रर्र. उजेडाची पट्टी एकाच जागी थरथरत उभी. पुढे सरकायचं नाव नाही. थोड्या वेळानं तीही विझली.

"सर्दी झाली वाटतं याला," अण्णासाहेब म्हणाले आणि घड्याळ दाखवलं. चार वाजून गेले होते. "आता बास. माझा फोटो घ्या. जल्दी करा."

खरं सांगते, त्या क्षणी मी हरले होते. मी त्यांचा फोटो उघडला. फेटा आणि मिशा स्क्रीनभर झाल्या. सोनूबाईनं काचेवरून आपला फोटो उचलला, रुमालात गुंडाळला आणि बाकावर जाऊन बसली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. नुसती फरशीकडे बघत बसली.

तेवढ्यात पानबाई आल्या. नवलकिशोरजींच्या घरच्या त्या, मी त्यांना काकीजी म्हणते. एकादशी होती म्हणून त्यांनी साबुदाण्याची खिचडी आणली होती. ताटली टेबलावर ठेवली आणि जाता जाता माझ्या कपाटाच्या कडीत लटकणारं उघडं कुलूप खटकन दाबून बंद केलं. मग दोनदा ओढून पाहिलं.

"काकीजी! किल्ली आत आहे!"

"मंग? उघडं ताला लटकवत ठेवायचं असतं का, बेटा? दुकान हाये का धरमशाळा?"

ही त्यांची सवय सगळ्या गल्लीला पाठ आहे. ठोक कापडाच्या घरात जन्म गेला. संध्याकाळी दुकानं वाढवली की स्वतःच्या दुकानाची कुलुपं ओढून बघतात, मग शेजाऱ्यांची, मग बँकेच्या शटरचंसुद्धा. मी कपाळावर हात मारला, आणि हात कपाळावरच राहिला.

स्कॅनर बसवायला आलेला इंजिनिअर एकदाच बोलला होता, ते मला आठवलं. आतली पट्टी प्रवासात हलू नये म्हणून याला खालून एक कुलूप असतं, दुसरीकडे न्यायचं असेल तर लावा. ते कुलूप मी नंतर कधी पाहिलंही नव्हतं.

मी सगळ्या वायरी उपटल्या आणि स्कॅनर उचलून पालथा केला. बुडाला बोटाएवढी गोल खुंटी, तिला स्क्रूसारखी चीर. एका बाजूला उघड्या कुलपाचं चित्र, दुसऱ्या बाजूला बंद कुलपाचं. चीर बंद कुलपाकडे होती. आणि चिरेत कुंकू भरलेलं होतं.

"काकीजी," मी होता होईल तेवढ्या गोड आवाजात विचारलं, "पूजेच्या दिवशी मी झेंडू आणायला गेले होते, तेव्हा हा तुम्ही पुसला ना?"

"पुसला की. खाली बघते तर ताल्याचं चित्र, आन ताला उघडा! सणाचा दिवस, एवढी महाग मशीन, आन उघडी? पूजेतला रुपया होता सुपारीवर, त्यानं फिरवून बराबर बंद केला मी." त्यांनी अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं. "का? चोरी झाली का?"

मी त्यांना मिठीच मारली. नंतर हवं तेवढं भांडता आलं असतं. "रुपया द्या कुणीतरी!"

सोनूबाईनं रुमालाच्या गाठीतून नाणं काढलं. मी चिरेत घालून फिरवलं. टक् असा आवाज आला. स्कॅनर सरळ केला, पिना लावल्या, आधी तो, मग कम्प्युटर. अण्णासाहेबांची बशी हातातच राहिली होती.

फोटो पुन्हा काचेवर. माउस दाबला. उजेड पेटला, आतून बारीक सूं आवाज आला आणि पट्टी सरकली! स्क्रीनवर वरून खाली चित्र उतरायला लागलं. आधी यात्रेतलं आभाळ. मग पदराचा काठ. मग कपाळ, ठसठशीत कुंकू. मग ते डोळे. अण्णासाहेबांच्या फेट्याला झाकत सोनूबाईचा चेहरा स्क्रीनभर पसरला.

"अगंबाई," ती म्हणाली, "एवढी मोठी मी?"

मी हात आभाळात उडवले. काकीजींनी टाळ्या वाजवल्या. मला तर गल्लीत जाऊन नाचावंसं वाटत होतं.

अण्णासाहेबांनी घसा खाकरला. "झ्याक झालं. आता कोपऱ्यात माझा पन टाका. लोकायला कळाया पाहिजे, मागं कोन हाये."

मी सोनूबाईकडे पाहिलं. पत्रक तिचं होतं. ती बाकावरून उठली. पदर पुढे ओढायला हात गेला तिचा, पण तो तिनं तसाच खाली घेतला. स्क्रीनवरच्या चेहऱ्यासारखीच मान झाली तिची.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "मत माझ्या नावानं मागायचं हाये, मंग तोंड बी माझंच एकटं राहू द्या. तुमचा फोटो हाये ना कम्प्युटरात? तिथं बिलकुल सुरक्षित हाये."

काकीजींनी तोंडाला पदर लावला. अण्णासाहेबांच्या मिशा हलल्या. मी वाट पाहिली नाही. फोटो बसवला, वर ठळक अक्षरात नाव, शेजारी कपबशीचं चिन्ह, आणि पाच वाजायच्या आत फ्लॉपी घेऊन स्वतः छापखान्यात पळत गेले.

मतमोजणी अंबडला होती. त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. एका आमंत्रणात मी नवरदेवाचं नाव दोनदा टाकलं. दुपारी गल्लीच्या तोंडाशी फटाके वाजले, आणि गुलालानं माखलेली जीप दुकानासमोर थांबली. आधी सोनूबाई उतरली. केसांपासून चपलांपर्यंत गुलाबी. तिच्या मागून अण्णासाहेब, तेही गुलाबी.

"पडली का निवडून?" काकीजींनी दारातूनच विचारलं.

"पडली नाही, आली म्हणा!" मी ओरडले.

"आले," सोनूबाई म्हणाली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. "म्हाताऱ्या बाया पत्रक हातात धरून मला शोधत आल्त्या, ताई. त्यायला वाचता येत न्हाई. पन म्हनल्या, ही आपलीच सोनी हाये, हिला वळखतो आमी."

माझेही डोळे भरले, ते लपवायला मी उगाच कीबोर्ड पुसायला लागले. सोनूबाईनं मुठीतला गुलाल स्कॅनरच्या झाकणाला लावला. काकीजी लगेच वाकल्या आणि बूड बघायला लागल्या, कुलूप उघडं आहे ना म्हणून.

अण्णासाहेबांना आभाराचं पत्रक करून पाहिजे होतं. मी फाइल उघडली आणि मुद्दाम विचारलं, "फोटो कुणाचा टाकू?"

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग भावजयीकडे. "तिचाच. मागल्या बारीपरीस मोठा करा," ते म्हणाले. "माझा राहू द्या तुमच्या कम्प्युटरात."