पहाटे पाचचा प्रश्न

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रशीदाने मंजुरीच्या चौकटीत ‘नाही’ लिहिले आणि खुर्ची मागे सरकवली. तिच्या होकाराशिवाय प्रोग्रॅममधला कोणताही बदल नारायण पेठेतल्या त्या ऑफिसाबाहेर जात नसे.

तिचे साहेब, श्यामसुंदर, चहाचा कप घेऊन मागेच उभे होते. बदल त्यांनीच केला होता. दूध केंद्रांचे आकडे दूध संघाकडे पाठवणारी कमांड आजवर जुनी नोंद न विचारता पुसून नवी लिहायची. परवा एका केंद्राची संध्याकाळची नोंद तशीच पुसली गेली. आजपासून ती आधी विचारणार होती: जुनी पुसू का? संघाला हे आज संध्याकाळी सहाच्या आत हवे होते.

“विचारून पुसणं हा सभ्यपणा झाला,” ते म्हणाले. “त्यालाही तुझा विरोध?”

“विचारा ना, सर. पहाटे पाचला उत्तर कोण देणार? आपण जाणार आहात?”

पहाटे केंद्रावरचा संगणक कमांड आपोआप चालवतो. माणसे बाहेर कॅन उतरवत असतात. प्रश्न पडद्यावर तसाच राहिला असता, आणि आकडे पोचल्याशिवाय टँकर दूध भरून घेत नाही. एक्केचाळीस गावांचे दूध.

काही न विचारता जुनी नोंद बाजूला ठेवणारा ‘कीप’ हा पर्याय कमांडमध्ये तीन वर्षे पडून होता. तो आधी प्रत्येक केंद्राने आपल्या संगणकावरच्या कमांडच्या ओळीत लिहून घ्यावा, मग खुशाल बदला, असे तिचे म्हणणे होते.

“म्हणजे एक्केचाळीस फोन. करा, आम्हाला ऑपरेटर हवीच होती.”

तिने यादी पुढ्यात ओढली. बारावा फोन गेनबांच्या केंद्रावर लागला, तो स्पीकरवर होता.

“ताई, त्या वळीला हात लावायचा न्हाई म्हून कागद चिकटवलाय हितं. बारा वर्सं झाली.”

“कुणी चिकटवला, बाबा?”

“तुमचंच सायेब आलं व्हतं, श्यामसुंदर म्हून. जलमात बदलावं लागायचं न्हाई, म्हनालं.”

रशीदाने मान वर केली नाही.

“आहे ते राहू द्या, बाबा. शेवटी एक शब्द जोडायचाय. के, ई, ई, पी.”

गेनबांनी एकेक अक्षर परत म्हणून घेतले. तेवढ्यात श्यामसुंदरांनी कप खाली ठेवला आणि यादीचे दुसरे पान उचलून आपल्या फोनपाशी नेले.

सहा वाजता संघाचा फोन त्यांच्या टेबलावर वाजू लागला. एकोणचाळीस केंद्रे झाली होती, उरलेल्या दोन केंद्रांचे मोबाइल बंद होते. चौकटीत अजून ‘नाही’ होते.